पांडवलेणीला सहल घेऊन येणाऱ्या सर आणि मॅडमना खुलं पत्र

नमस्कार सर, नमस्कार मॅडम,

डिसेंबर लागला की पांडवलेणीच्या, म्हणजे आपल्या नाशिकच्या त्या जुन्या बौद्ध लेण्यांच्या डोंगराच्या, पायथ्याशी पिवळ्या बस लागायला सुरुवात होते, कधी दोन, कधी सहा, आणि मग त्या पायऱ्यांवर रांगेत चढणारी पोरं दिसतात, पाठीला सॅक, गळ्यात वॉटरबॅग, पुढे एक सर, मागे एक मॅडम, मधे शिट्टी. मी पाथर्डी फाट्याला राहते. अंबडला एका कंपनीत अकाउंट्स बघते, शनिवारी आमची सुट्टी असते आणि गेली अकरा वर्षं शनिवारी सकाळी मी हा डोंगर चढते. सुरुवात डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून झाली होती, आता ते कारण राहिलं नाही, आता वर गेल्याशिवाय आठवडा संपल्यासारखाच वाटत नाही.

हे पत्र तक्रारीचं नाही, म्हणजे थोडं आहे, पण तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला लिहून उपयोग नाही म्हणून तुम्हाला लिहितेय.

मागच्या जानेवारीतली गोष्ट. दहा नंबरच्या लेण्याच्या व्हरांड्यात मी बसले होते, एक शाळा आली, चौथी-पाचवीची पोरं असतील. सगळी भरभर आत गेली, भरभर बाहेर आली, एक ग्रुप फोटो झाला, आणि एक मुलगी मात्र तिथेच थांबली. दोन वेण्या, लाल रिबिनी, हातात अर्धी उघडलेली चिक्की. ती मान मागे टाकून भिंतीच्या वरच्या बाजूला बघत होती, जिथे छताखाली अक्षरांची लांबच लांब ओळ भिंतभर गेलीय. तिने विचारलं, मॅडम हे काय लिहिलंय? मॅडम म्हणाल्या, जुनी भाषा आहे बाळा, आपल्याला नाही येणार, चल लाईनीत.

त्या मॅडमना मी अजिबात दोष देत नाही. पहाटे पाचला उठून डबे, बस, हजेरी, उलटी होणारी पोरं, पालकांचे फोन, आणि अजून फाळके स्मारक, सोमेश्वर, मुक्तिधाम सगळं एकाच दिवसात उरकायचं होतं त्यांना. पण ते "आपल्याला नाही येणार" माझ्या कानात अडकून बसलं, कारण ती मुलगी ज्या ओळीकडे बघत होती त्याच लेखात पुढे असं लिहिलंय: "इदं लेणं कारितं इमा च पोढियो". हे लेणं करवलं आणि या पोढ्या. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं, ती टाकी अजून तिथेच आहेत, आणि लेणं म्हणजे लेणं. दोन हजार वर्षांच्या आसपास होत आली त्याला आणि शब्द तोच. आपण घरी म्हणतो ना, रविवारी लेणीवर जाऊ, तोच शब्द त्या मुलीच्या डोक्यावर कोरलेला होता आणि तिला सांगितलं गेलं की तुला येणार नाही.

मॅडमची परवानगी घेऊन मी तिला तो शब्द दाखवला, हात न लावता, नुसतं बोट हवेत धरून. हा ल, त्याच्या डोक्याला ही छोटी रेघ म्हणजे मात्रा, हा ण, आणि हा टिंब म्हणजे आपला अनुस्वार. तिने हवेत बोटाने गिरवला आणि मोठ्याने वाचला, लेणं. मग तिच्या तीन मैत्रिणी परत आल्या, मग अजून पाच जणी, आणि शिट्टी वाजेपर्यंत आठ-नऊ पोरी हवेत ल काढत होत्या. सर, मॅडम, मला तुम्हाला एवढंच सांगायचंय की तुम्ही वर आलात की पोरांना भिंतीवरची एक तरी ओळ वाचून दाखवा. चोवीसच्या चोवीस लेणी फिरवू नका हवं तर, एकच दाखवा, पण वाचून दाखवा.

मी काही इतिहासाची नाही, बी.कॉम. आहे. चार वर्षांपूर्वी एका ओळखीच्यांनी रविवारी ब्राह्मी लिपी, म्हणजे भिंतीवरच्या या अक्षरांची लिपी, शिकवायला घेतली तिथे जाऊन बसले आणि दोन महिन्यांत अडखळत वाचायला लागले. मला जमलं तर तुम्हाला कितीतरी आधी जमेल, तुम्ही रोज शिकवणारी माणसं. त्यामुळे काय कुठे आहे ते मला जसं दिसतं तसं सांगते.

सुरुवात एकोणीस नंबरपासून करा. लहान लेणं आहे, बाकीच्यांपेक्षा खालच्या अंगाला, बरेच लोक वाकून बघतात आणि पुढे जातात. पण इथलं सगळ्यात जुनं विहार म्हणजे भिक्खूंनी राहायचं लेणं मानतात ते हेच, आणि खिडकीच्या वर एक छोटा लेख आहे: "सादवाहनकुले कन्हे राजिनि नासिककेन समणेन महामातेण लेण कारित". सातवाहन कुळातल्या कन्ह राजाच्या काळात नाशिकच्या श्रमणांवर म्हणजे भिक्खूंवर नेमलेल्या महामात्राने म्हणजे अधिकाऱ्याने हे लेणं करवलं. कन्ह म्हणजे कृष्ण, म्हणजे कान्हा. आणि नासिक! आपल्या गावाचं नाव, दोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरलेलं, आणि आजही बसच्या पाटीवर तेच. पोरांना सांगा की ब्राह्मीतला क हा गणितातल्या अधिकच्या चिन्हासारखा असतो आणि त्या ओळीत क किती वेळा येतो ते शोधायला लावा, कुले, कन्हे, नासिककेन मधे दोन, कारित, पाच होतात. जी पोरं शोधतील ती घरी जाऊन आईबापांना सांगतील, माझा अनुभव आहे.

मग दहा नंबर. इथे माझा जीव जास्त आहे कारण इथे हिशोब लिहिलाय. क्षत्रप नहपान राजाचा जावई उषवदात, दिनीकाचा मुलगा, दक्षमित्रेचा नवरा, त्याने हे लेणं दिलं आणि नुसतं लेणं देऊन थांबला नाही, तिथे राहणाऱ्या भिक्खूंच्या खर्चाची सोय लावली. लेखात दिलेल्या ४२ व्या वर्षी (हे त्याचं वय नाही, तेव्हाची कालगणना) त्याने ३००० काहापण म्हणजे कार्षापण नाणी गोवर्धनमधल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे म्हणजे संघटनांकडे ठेव म्हणून ठेवली. २००० एका श्रेणीकडे, व्याज दरमहा शेकडा एक. १००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण. आणि लिहिलंय की ही नाणी परत करायची नाहीत, फक्त वाढ वापरायची, मूळ शब्द "अपडिदातवा वढिभोजा". वढि म्हणजे वाढ, आपल्याकडे खेड्यात अजून वाढीदिढी म्हणतात ना तीच. २००० वर महिन्याला २० होतात, वर्षाला २४०. आणि लेखात म्हटलंय की इथे पावसाळ्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी म्हणजे कपड्यासाठी प्रत्येकी बारा. वीस बारे दोनशे चाळीस. पहिल्यांदा मी हे तिथे उभं राहून मोबाईलवर ताडून बघितलं तेव्हा अंगावर काटा आला, हिशोब जुळतो, पै न पै जुळतो, दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची एन्ट्री बरोबर आहे! आणि शेवटी हेही लिहिलंय की हे सगळं निगमसभेत म्हणजे नगराच्या सभेत ऐकवलं आणि फलकवारावर म्हणजे दप्तरी नोंदवलं. गणिताच्या सरांनो, सरळव्याज शिकवायला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण कुठल्या गाईडमधे आहे सांगा. आकडे शब्दात पण आहेत आणि चिन्हात पण आहेत, हजाराला वेगळंच चिन्ह आहे आणि त्यालाच जोडून दोन हजार, तीन हजार लिहिलेत, कारण शून्य लावून आकडा वाढवायची आपली पद्धत तेव्हा तिथे नव्हती. पोरांना विचारा, शून्य नसेल तर तुम्ही ३००० कसे लिहाल. दहा मिनिटं शांत बसतील.

त्याच लेखात त्याने चिखलपद्र नावाच्या गावातली ८००० नारळाची झाडं दिल्याचं पण आहे. चिखल हा शब्द मी जेव्हा जेव्हा पोरांसमोर वाचते तेव्हा पोरं खदखदून हसतात, त्यांना वाटतं मी बनवून सांगतेय. आणि गोवर्धन म्हणजे गंगापूर रोडने पुढे गेलं की लागतं तेच आपलं गोवर्धन, असं अभ्यासक मानतात. तुमच्या वर्गात त्या बाजूची पोरं असतील तर त्यांना नक्की सांगा, तुमच्या गावातल्या विणकरांवर राजाच्या जावयाने पैशाचा विश्वास टाकला होता.

तीन नंबर सगळ्यात भव्य. पोरांना आधी बाहेरच थांबवा आणि खाली बघायला सांगा, सहा बुटके यक्ष अख्खा व्हरांडा खांद्यावर उचलून बसलेत, प्रत्येकाच्या तोंडावर वजन दिसतं. मग आत भिंतीवरचा मोठा लेख. गौतमी बलश्री या आजीने नातवाच्या म्हणजे वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याच्या १९ व्या वर्षी लेणं दान केलं आणि त्यात आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं कौतुक लिहिलं. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, ज्याने शक, यवन, पल्हव यांना हरवलं, ज्याने खखरात वंश निःशेष केला. खखरात म्हणजे क्षहरात, म्हणजे त्याच नहपानाचा वंश ज्याच्या जावयाचं लेणं आपण आत्ताच बघून आलो. हे लेखात नुसतं बढाई म्हणून लिहिलेलं नाही, १९०६ साली सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,००० पेक्षा जास्त नाणी, आणि त्यातल्या ९,००० पेक्षा जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. एका डोंगरावर दोघांची लेणी आणि एका साठ्यात दोघांचे छाप एकावर एक. इतिहासाच्या पुस्तकात हा धडा दोन ओळींत संपतो, इथे तो चालत बघता येतो.

आणि आईचं नाव. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र. १ मे २०२४ पासून आपल्या राज्यात जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं सक्तीचं झालंय, तर पोरांना सांगा की इथले राजे आईच्या नावाने ओळखले जायचे.

याच लेण्यात अजून एक लेख आहे जो मला सगळ्यात आवडतो आणि जो सहसा कोणी सांगत नाही. गौतमीपुत्राने राज्याच्या १८ व्या वर्षी इथल्या भिक्खूंना कखडी गावाकडची शेतजमीन दिली होती. सहा वर्षांनी, २४ व्या वर्षी, गोवर्धनच्या अमात्याला म्हणजे अधिकाऱ्याला दुसरा हुकूम जातो, राजाच्या आणि राजमातेच्या नावाने, आणि त्यात कबूल केलंय की आम्ही दिलेलं "खेत न कसते सो च गामो न वसति", ते शेत कसलं जात नाही, ते गावही वसलेलं नाही, म्हणून आता नगराच्या शिवेवरची आमची स्वतःची जमीन, त्यातली १०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) त्यांना द्या. बघा शब्द. खेत न कसते. आपण कसेल त्याची जमीन म्हणतो, तेच कसणं. गाव न वसति, तेच वसणं. मला हे वाचलं की दर वेळी वाटतं की एवढा मोठा राजा, आणि दिलेली जमीन पडीक निघाली हे लपवलं नाही, दगडात कोरून ठेवलं आणि बदलून दिली. नागरिकशास्त्राचा तास इथेच घ्या, व्हरांड्यात बसून, वारा पण छान येतो.

अठरा नंबर म्हणजे चैत्यगृह, स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं, इथलं एकमेव. इथे पोरं ओरडून आवाज घुमवतात, मोठी माणसं पण घुमवतात. तिथे लोक वंदना करायला, ध्यानाला बसतात, तेव्हा आत शिरायच्या आधीच सांगा की आत बोलायचं नाही, आणि दोन मिनिटं खरंच कोणी बोललं नाही तर काय होतं ते पोरांना अनुभवू द्या. दाराच्या कमानीवर लिहिलंय की हे नासिकच्या धंभिक गावाचं दान. अख्ख्या गावाने मिळून दिलेलं दार. आणि हे चैत्यगृह पूर्ण करवणारी एक बाई होती, भट्टपालिका. शेजारच्या सतरा नंबरचा दाता इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडचा यवन म्हणजे ग्रीक, आणि आठ नंबर मुगुदास नावाच्या कोळ्याने बायकापोरांसकट दिलेलं.

पोरांना पांडवांनी एका रात्रीत बांधलं असं सांगितलं जातं, मलाही माझ्या आजीने तेच सांगितलं होतं आणि पांडवलेणी हे नाव मी तोंडातून काढून टाकणार नाही, ते आता आपलं आहे. पण भिंतीवर ज्यांनी खर्च करून नाव लिहिलं त्यांची नावं पण एकदा मोठ्याने घ्या ना. कोळी, विणकर, गावकरी, बायका, परदेशी माणसं. पोरं घरी जातील तेव्हा आपल्यासारख्यांनी पण हे केलंय हे घेऊन जातील.

मधली कितीतरी शतकं ही अक्षरं कोणालाच वाचता येत नव्हती. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली, मग आपल्याकडच्या भाऊ दाजी लाड, भगवानलाल इंद्रजी यांनी इथले लेख वाचले, ठसे घेतले, अर्थ लावले. त्यांच्या कष्टामुळे आज हे पुस्तकांत मिळतं, आपल्याला फक्त झेरॉक्स काढायचीय.

आता थोडं व्यवहाराचं. सकाळी लवकर या, लेण्यांचं तोंड उत्तरेकडे आहे म्हणून आत सावली असते पण पायऱ्यांवर दहानंतर ऊन लागतं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. शंभर पोरं एकदम आत सोडू नका, वीस-वीसच्या तुकड्या करा, बाकीच्यांना बाहेर यक्ष मोजायला लावा. कपारीत आग्या मोहोळ दिसतात, त्यामुळे दगड मारणं, आरडाओरडा, पर्फ्युम सगळं बंद. टाक्यात वेफर्सची पाकिटं मी स्वतः काठीने काढलीत, ही टाकी दोन हजार वर्षांपूर्वी पाण्यासाठी कोरलीत हे सांगितलं तर पोरं टाकणार नाहीत. अक्षरांना हात लावू देऊ नका, आणि फोटोत उठून दिसावं म्हणून कोणी खडू भरत असेल तर कृपा करून थांबवा. मोठ्या वर्गातल्या पोरांना कायदा पण सांगा, १९५८ च्या कायद्यानुसार संरक्षित स्मारक खराब केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मी एका खांबावर बदामात कोरलेली नावं बघितली तेव्हा त्यातल्या तारखेवरून कळलं की कोरणारा तेव्हा शाळेतच असणार, कारण शेजारी इयत्ता पण लिहिली होती, दहावी ब.

अजून एक मनातलं. त्याच जानेवारीच्या दिवशी उतरताना बघितलं, खाली बसमधे एक मुलगा ड्रायव्हरकाकांसोबत बसला होता, पायात कॅलिपर. वर सगळी पोरं, हा खिडकीतून डोंगराकडे बघत. पायऱ्या आहेत, त्याला वर नेणं अवघड आहे हे मला कळतं. पण त्याच्या हातात त्या ओळीचा एक कागद असता, ब्राह्मीत आणि खाली मराठीत, तर तो बसमधे बसून अख्खी ओळ लावू शकला असता आणि वरून आलेल्यांना त्यानेच वाचून दाखवली असती. मी त्याला माझ्याकडच्या पावतीच्या मागे लेण लिहून दिलं. त्याने लगेच विचारलं, आणि माझं नाव कसं लिहायचं? तेही लिहून दिलं, तो कागद त्याने कंपासमधे ठेवला.

तेव्हापासून मी एकोणीस, दहा आणि तीन नंबरमधल्या चार ओळींचा एका पानाचा कागद बनवलाय. वर ब्राह्मी, मधे देवनागरी, खाली आजच्या मराठीत अर्थ, आणि मागच्या बाजूला व्याजाचं गणित उत्तर न लिहिता. नेहमी पन्नास प्रती बॅगेत असतात. शनिवारी सकाळी सात ते साडेनऊ मी दहा नंबरच्या व्हरांड्यात असते, निळी टोपी घालते. तुमची सहल मधल्या वारी असेल तर आधीच्या शनिवारी एकटे या, मी सगळं दाखवते, मग तुम्ही पोरांना दाखवा. येताना पट्टीएवढी लांब काठी आणा, वरच्या ओळी लांबून दाखवायला बोट पुरत नाही.

तुमची,
शनिवारी डोंगरावर भेटणारी एक नाशिककर